एआयला आधी शोधायला लावा, मग कोड लिहू द्या: 'दऱ्या' आणि 'दर्या'चा अनुभव

पाटीपेन्सिल

आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाची पुस्तकयादी गेल्या दिवाळीपासून संगणकावर आणतोय. साधारण ११,००० पुस्तकं, पायथनमधलं छोटं वेब ॲप, खाली एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस आणि शब्द शोधण्यासाठी त्यातलीच एफटीएस५ नावाची सोय. नोकरीत माझं काम जावामध्ये चालतं, पायथन जेमतेम येतं. त्यामुळे बराचसा कोड एआय कोडिंग असिस्टंटकडून लिहून घेतला. काम भराभर उरकलं आणि मी खूश होतो.

मग वाचनालयातल्या ताईंचा फोन आला. "पाणी असं शोधलं की पुण्यावरची पुस्तकं येतात हो."

मी असिस्टंटला तेच वाक्य जसंच्या तसं टाकलं. त्याने क्षणात निदान केलं की शोधाची अंदाजे जुळणी फार सैल आहे, ती आवळायला हवी. चाळीसेक ओळी बदलल्या. फरक काहीच पडला नाही, कारण आमच्या कोडमध्ये अंदाजे जुळणी नव्हतीच! पुन्हा विचारलं, तर त्याने मराठी शब्द सारखे करून देणाऱ्या एका पायथन पॅकेजचं (म्हणजे बाहेरून बसवायच्या तयार कोडचं) नाव सांगितलं. नाव इतकं पटण्यासारखं होतं की मी टर्मिनलवर टाइपही केलं. तसं पॅकेजच नव्हतं. (ते नाव इथे मुद्दाम देत नाही, उद्या कुणी त्याच नावाने काहीतरी चढवून ठेवायचं.)

तिसऱ्या वेळी मी विचारायची पद्धत बदलली. हे लिहिलं होतं:

"आत्ता कोडला हात लावू नकोस. एफटीएस५ 'पाणी' ह्या शब्दाचे तुकडे कसे करतं ते आधी शोध. एसक्यूलाइटच्या अधिकृत माहितीपानावर ते कुठे लिहिलंय ते उघडून वाच आणि तो उतारा मला दाखव. मग आपल्याच डेटाबेसवर चालवून दाखव. वाचलेलं, चालवून पाहिलेलं आणि नुसतं आठवणीतून सांगितलेलं, हे तिन्ही वेगवेगळं लिही."

पाच मिनिटांत खरं कारण समोर आलं. एफटीएस५ शब्द तोडायला मुळात 'युनिकोड६१' नावाचा टोकनायझर वापरतं. त्याच्या हिशेबी अक्षरं आणि अंक हे शब्दाचे भाग, आणि (एक खासगी वापराचा गट सोडला तर) बाकी सगळं म्हणजे शब्द तोडणारी चिन्हं. युनिकोडमध्ये (संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या तक्त्यात) आपले काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि पाय मोडण्याचं चिन्ह 'अक्षर' ह्या गटात येतच नाहीत, त्यांचा गट वेगळा आहे. म्हणजे 'पाणी'चे झाले 'प' आणि 'ण'. 'पुणे'चेही झाले 'प' आणि 'ण'. एफटीएस५च्या दृष्टीने दोन्ही एकच.

असिस्टंटने एफटीएस५व्होकॅब नावाच्या सोयीतून आमच्या अनुक्रमणिकेतले सगळे तुकडे छापून दाखवले. मी ती यादी बराच वेळ बघत बसलो. इतक्या मराठी पुस्तकांची नावं, आणि त्यात एकही काना नाही, एकही वेलांटी नाही. नुसती उघडी अक्षरं.

उपाय एका ओळीचा निघाला: टोकनायझरच्या 'कॅटेगरीज' पर्यायात मात्रांचे दोन गट, एमएन आणि एमसी, घालायचे आणि अनुक्रमणिका नव्याने बांधायची. पहिल्या चाळीस ओळी मी काढून टाकल्या.

असिस्टंट तोच, मॉडेल तेच, फक्त पहिल्यांदा मी उत्तर मागितलं होतं आणि तिसऱ्यांदा शोध मागितला. तुम्ही लोक ह्याला नीट शोधायला कसं लावता, ते वाचायला आवडेल. माझी अजून एक गोष्ट आहे, 'दऱ्या'ची. ती खाली लिहितो, कारण तिथे मी पुरता फसलो होतो.

---

बिनतारी

पॅकेजचं नाव इथे टाकलं नाहीस ते फार बरं केलंस. सुरक्षेच्या कामात आम्हाला हा प्रकार आता नेहमी बघावा लागतो.

२०२४ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने जाहीर केलं की बरीच मॉडेलं 'हगिंगफेस-सीएलआय' नावाचं पॅकेज बसवायला सांगतात. ते साधन खरं होतं, पण वेगळ्या नावाच्या पॅकेजातून यायचं. त्याने त्या रिकाम्या नावावर एक निरुपद्रवी कोरं पॅकेज चढवून ठेवलं होतं. तीन महिन्यांत ते ३०,०००हून जास्त वेळा उतरवलं गेलं. त्याच्या जागी कुणी वाईट हेतूचा माणूस असता तर काय झालं असतं, हे सांगायला नको.

नंतर एका मोठ्या अभ्यासात १६ मॉडेलांकडून पायथन आणि जावास्क्रिप्टचे ५ लाख ७६ हजार नमुने लिहून घेतले. सुचवलेल्या पॅकेजांपैकी सरासरी १९.७ टक्के अस्तित्वातच नव्हती. व्यावसायिक मॉडेलांत हे प्रमाण बरंच कमी होतं, तरी शून्य नव्हतं. आणि तीच खोटी नावं पुन्हा पुन्हा येत होती. वाईट माणसाला सापळा कुठे लावायचा ते त्यामुळे आधीच कळतं.

असिस्टंटला कायम दिलेल्या माझ्या सूचनाफाइलमध्ये पहिलाच नियम आहे: नवं पॅकेज सुचवण्याआधी त्याचं नोंदणीपान उघड, पहिली आवृत्ती कधी आली, शेवटची कधी, मूळ कोड कुठे आहे ते लिही, आणि माझ्या होकाराशिवाय बसवू नकोस. आणि पॅकेज सापडलं म्हणजे ते खरं, असंही समजू नका. वरच्या गोष्टीतलं कोरं पॅकेजही सापडतच होतं. काल परवा उगवलेलं पॅकेज असेल तर मी थांबतो.

---

गोदातीर

प्रांजळ शंका आहे. एवढं सगळं बारकाईने लिहून द्यायचं, उतारे तपासायचे, परत चालवून बघायचं. त्यापेक्षा एसक्यूलाइटचं ते पान आपणच उघडून वाचलं तर? मी वीस वर्षं तेच करत आलोय.

---

पाटीपेन्सिल

@गोदातीर, शंका रास्त आहे आणि मी तिच्यावर विचार केला आहे. जे क्षेत्र माझ्या हाताखालचं आहे तिथे मी अजूनही स्वतःच वाचतो, तिथे असिस्टंटला समजावत बसणं लांबचा वळसा होतो. पण इथे मला कुठलं पान उघडायचं तेच माहीत नव्हतं. गडबड टोकनायझरमध्ये असेल हे डोक्यातच नव्हतं, मी फॉन्टला दोष देत होतो. जागा शोधून द्यायचं काम त्याने केलं. ते पान पुढे मी स्वतः वाचलं, अथपासून इतिपर्यंत. उतारा मागायचा तो ह्याचसाठी, म्हणजे मूळ पान उघडून बाकीचं आपल्याला वाचता येतं.

आता 'दऱ्या'.

मात्रांचा घोळ मिटल्यावर ताईंनी कळवलं की "सह्याद्रीच्या दऱ्या" असं शोधलं तर एक पुस्तक सापडतं, दुसरं सापडत नाही, आणि दोन्ही कपाटात शेजारी शेजारी उभी आहेत. यादी दोन मुलांनी भरलेली. एकाचा कीबोर्ड इनस्क्रिप्ट, त्यावर ऱ ला स्वतंत्र कळ आहे. दुसरा इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करणारा. पडद्यावर दोघांची 'दऱ्या' हुबेहूब सारखी. आतून मात्र वेगळी: एकात यू+०९३१ ह्या युनिकोड क्रमांकाचं ऱ हे अक्षर आणि पाय मोडण्याचं चिन्ह, दुसऱ्यात साधा र, पाय मोडण्याचं चिन्ह आणि त्यामागे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडण्याचं चिन्ह).

असिस्टंटने दोन उपाय एका दमात दिले. सगळा मजकूर युनिकोडच्या एनएफसी रूपात (एकच अक्षर दोन तऱ्हांनी साठवलेलं असेल तर ते सारखं करणाऱ्या रूपात) आणायचा, आणि न दिसणारी चिन्हं काढून टाकायची. वरून चाचणीही लिहून दिली. चाचणी पास.

मी ते वाचनालयात चढवलं.

दुसऱ्या दिवशी यादीत "सह्याद्रीच्या दर्या" असं पुस्तक होतं. जॉइनर काढला की र्‍ चा रफार होतो, आणि दऱ्याखोऱ्यांचा समुद्र होतो. ताईंनी स्क्रीनचा फोटो पाठवला, खाली एक शब्दही न लिहिता. मला फार वाईट वाटलं. लोकांच्या पुस्तकांची नावं मी बिघडवली होती. नशिबाने आदल्या रात्रीची प्रत होती, ती परत चढवली.

आणि पास झालेली चाचणी? ती उघडून एकेक अक्षराचा युनिकोड क्रमांक छापायला लावला, तेव्हा कळलं. असिस्टंटने 'दोन वेगळ्या' दऱ्या म्हणून जे दोन शब्द लिहिले होते, ते आतून एकच होते, दोन्हींत यू+०९३१. तो सारख्याची सारख्याशी तुलना करत होता. मी डोळ्यांनी बघून मान डोलावली होती. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसणार, अडचणच ती होती.

---

बिनतारी

चाचणीची ही गोष्ट मी आमच्या गटात सांगणार आहे. पास होणारी चाचणी दाखवली की आपण सैल पडतो. मी आता आधी नापास होणारी चाचणी मागतो. उपाय लावण्यापूर्वी, आजच्या कोडवर ती नापास झालेली मला दिसली पाहिजे. तुझी चाचणी अशी आधी चालवली असती तर ती जुन्या कोडवरही पास झाली असती, आणि लगेच संशय आला असता.

---

कोकणरेघ

डेटाबेसच्या कामातला अनुभव देतो. एका ग्राहकाचा जुना सर्व्हर डेबियन ह्या लिनक्स सिस्टिमच्या ९ व्या आवृत्तीवरून १२ व्या आवृत्तीवर नेला. त्यावरच्या पोस्टग्रेस डेटाबेसचा डेटा जसाच्या तसा उचलून ठेवला. नंतर त्यांच्या काही ग्राहकांची नावं शोधली तर सापडेनात, पण पूर्ण यादी काढली की दिसत.

असिस्टंट म्हणाला, स्थलांतरात नोंदी बिघडल्या आहेत, बॅकअप परत चढवा. ते ऐकलं असतं तर तीन दिवसांच्या नव्या नोंदी गेल्या असत्या. मी त्याला विचारलं: "ह्या स्थलांतरात नेमकं काय काय बदललं त्याची यादी कर. प्रत्येक बदलाबद्दल पोस्टग्रेसच्या विकीवर काही इशारा आहे का ते शोध."

यादीत ग्लिबसी आलं, म्हणजे लिनक्सची पायाभूत लायब्ररी, जिच्याकडून पोस्टग्रेस अक्षरांचा क्रम घेत होतं. २०१८ साली आलेल्या ग्लिबसी २.२८ मध्ये अक्षरांचे क्रमवारी नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. पोस्टग्रेसच्या अनुक्रमणिका जुन्या क्रमाने रचलेल्या, शोधणारा नव्या क्रमाने शोधणार. माणूस यादीत आहे, पण शोधणारा त्याला भलत्याच पानावर शोधतोय. नोंदी शाबूत होत्या. अनुक्रमणिका पुन्हा बांधल्या, झालं. फक्त एक सांगतो, ज्या रकान्यात एकमेवतेची अट असेल तिथे मधल्या काळात दुहेरी नोंदी शिरलेल्या असू शकतात. आमच्याकडे दोन निघाल्या, त्या हाताने दुरुस्त केल्या.

तेव्हापासून बिघाड समोर आला की माझा पहिला प्रश्न "कारण काय" असा नसतो. "चालू होतं तेव्हापासून काय बदललं" असा असतो. कारण विचारलं की ते एक ठोकून देतं. बदल विचारले की त्याला जाऊन बघावं लागतं.

---

रुजवात

मी तिसऱ्या वर्षाला आहे, माझा मराठी शब्दखेळाचा प्रोजेक्ट आहे. दादा, दोन गोष्टी विचारायच्या होत्या. सूचना मराठीत दिल्या तर चालतं का? आणि आडनावांची यादी लावताना 'काळे' हे 'कासार'च्या आधी येतं, ते बरोबर आहे का? आजी म्हणते चूक आहे.

---

पाटीपेन्सिल

@रुजवात, आजींचं बरोबर आहे. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो. युनिकोडच्या तक्त्यात मात्र तो ल च्या लगेच पुढे बसवलाय, व आणि स च्या आधी. पायथनची साधी क्रमवारी तक्त्यातल्या क्रमांकांनी लागते, म्हणून काळे पुढे सरकतात. आयसीयू नावाच्या लायब्ररीत भाषेनुसार क्रमवारीचे नियम असतात, मराठीचेही आहेत. असिस्टंटला ते शोधायला लाव. पण त्याआधी आजींकडून वीस आडनावं बरोबर क्रमाने लिहून घे आणि तीच तुझी चाचणी कर. ळ, क्ष, ज्ञ, अनुस्वार असलेली मुद्दाम घे.

सूचना मी मराठीतच देतो, चालतं. एक कर: माहिती शोधताना इंग्रजी शब्दांनी शोध असं त्याला सांग, कारण अशा साधनांची अधिकृत माहिती बहुतेक इंग्रजीतच असते. आणि मराठी शब्दांवरची चाचणी असेल तर ते शब्द युनिकोड क्रमांकांनी लिहायला लाव. आमची चाचणी शेवटी तशीच लिहिली.

---

सांजदिवा

मी कोड लिहीत नाही. ३१ वर्षं ग्रंथालयात काम करून निवृत्त झाले. माझ्या भाचीने हा धागा वाचायला पाठवला.

तुम्ही सगळे अधिकृत माहिती वाचायला सांगताय, ते योग्यच आहे. पण वाचक काय शोधतात ते कुठल्या माहितीपानावर असणार? आमच्या देवघेवीच्या टेबलावर वही असायची. वाचकाने मागितलेलं आणि आम्हाला न सापडलेलं पुस्तक त्यात लिहायचो. लोक "ऱ्हास" हा शब्द चार तऱ्हांनी लिहायचे. "कुऱ्हाड" तर विचारू नका. नावात "आचाऱ्याला" आणि "आचार्याला" असा फरक असला तर स्वयंपाक्याचं पुस्तक मागणाऱ्याच्या हातात गुरुचरित्रपर काहीतरी पडायचं. तुमच्या वाचनालयातही अशी वही असेल. नसेल तर त्या ताईंना विचारा, त्यांच्या डोक्यात असेल. त्या यंत्राला ती द्या.

---

पाटीपेन्सिल

@सांजदिवा ताई, मनापासून आभार. वही होती. सहा वर्षांची, दोऱ्याने बांधलेली. शनिवारी जाऊन त्यातले ६० शब्द उतरवून आणले.

ह्या वेळी काम असं केलं. असिस्टंटचं नवं सत्र उघडलं, जुन्या सत्रातलं काही दिलं नाही, कारण जुनं सत्र स्वतःच्याच आधीच्या उत्तराला चिकटून राहतं असा माझा अनुभव आहे. त्याला ६० शब्द दिले, प्रत्येकाची यादीतली सगळी रूपं युनिकोड क्रमांकांसकट छापायला सांगितली. मग विचारलं: "एनएफसीने ह्यातली कुठली रूपं एक होतात आणि कुठली होत नाहीत? युनिकोडच्या माहितीत शोध, आणि चालवून दाखव. जॉइनर काढला तर कुठल्या शब्दांचा अर्थ बदलतो त्याची वेगळी यादी कर."

उत्तर स्वच्छ आलं. र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असं वेगवेगळं लिहिलेलं असेल तर एनएफसी त्याचा एक ऱ करतं. पण जॉइनर वापरून लिहिलेल्या रूपाला ते हात लावत नाही. माझी पहिली समजूत (म्हणजे त्याचं पहिलं उत्तर) इथेच चुकली होती. युनिकोडने जॉइनरची ती पद्धत जुन्या मजकुरासाठी चालू ठेवली आहे, आणि दोन्ही रूपं एक करणं हे आपल्यालाच करायचं आहे.

म्हणून नियम असा केला: र, पाय मोडण्याचं चिन्ह आणि जॉइनर हे तिन्ही ह्याच क्रमाने आले तरच त्याजागी ऱ आणि पाय मोडण्याचं चिन्ह ठेवायचं. दुसरीकडच्या कुठल्याही जॉइनरला स्पर्श नाही. आणि मूळ नावाचा रकाना अजिबात बदलायचा नाही, हे रूपांतर फक्त शोधाच्या रकान्यात. गेल्या वेळी पुस्तकांची नावं बिघडली ती मूळ रकान्यात हात घातल्यामुळे.

बिनतारीने सांगितल्याप्रमाणे चाचणी आधी जुन्या कोडवर चालवली. ६० पैकी २३ शब्द नापास. नियम लावल्यावर ५६ पास.

---

गोदातीर

उरलेले चार?

---

पाटीपेन्सिल

चारही एकाच जातीचे आहेत. भरणाऱ्या मुलाने ऱ टाइप करता येईना म्हणून सरळ रफार दिलाय. 'दऱ्या' हवं तिथे 'दर्या', 'सुऱ्या' हवं तिथे 'सुर्या'. असिस्टंटला विचारलं तर त्याने शब्दकोश लावून आपोआप दुरुस्त करण्याचा बेत मांडला. मी त्याला त्याच बेताविरुद्ध पुरावा शोधायला सांगितलं: आपल्या यादीत 'दर्या' हा शब्द समुद्राच्या अर्थाने आलेली पुस्तकं आहेत का? सात निघाली. कोळीगीतांचं एक आहे, बाकी प्रवासाची. मग त्याने स्वतःच बेत मागे घेतला आणि संशयित नावांची यादी काढून दिली, पुस्तक क्रमांक आणि कपाट क्रमांकासह. एकूण १४२ नावं.

ती यादी छापून ताईंकडे दिली आहे. रविवारी त्या आणि यादी भरणारी दोन्ही मुलं कपाटापाशी बसून प्रत्येक पुस्तकाचं मुखपृष्ठ बघून खूण करणार आहेत. मी लॅपटॉप घेऊन जातोय.

@सांजदिवा ताई, तुमच्या वहीत रफाराचा असा घोळ होणारे आणखी शब्द आठवत असतील तर शनिवारपर्यंत इथे लिहाल का? चाचणीत घालतो.

---

सांजदिवा

पऱ्या आणि पर्याय. वाऱ्या, म्हणजे पंढरीच्या. बोऱ्या. गोऱ्या. "तऱ्हा" नक्की घाला, ते आम्हाला नेहमी छळायचं. आणखी आठवलं की लिहिते.